दवातले कष्ट आणि घोंगडीची ऊब



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत अक्षरे गिरवली. म्हणून आजचे निमंत्रण मी सन्मान म्हणून स्वीकारले नाही, हजेरी म्हणून स्वीकारले आहे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘थंडीत कष्ट करणाऱ्या माणसाची ऊब’ असे कळविले. उलट टपाली विचारणा झाली, की संतवाङ्मयावर आयुष्य घालविलेल्या प्राध्यापकाने असा विषय का घ्यावा? माझे उत्तर साधे आहे. या शाळेत मी शिकलेला पहिला धडा पुस्तकातला नव्हता. ‘आधी कोरडा हो, मग अक्षर काढ,’ हा तो धडा होता. त्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली. तो आज आपल्यापुढे मांडतो.

आपला हा मुलूख सीमेवरचा. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले. बीदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले. म्हैसूरचे कर्नाटक झाले १९७३ साली, गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले २०१४ साली. नावे बदलली, हिवाळा मात्र भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद असा तालुका विचारून येत नाही. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० फूट उंच. मार्गशीर्ष-पौषात आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आभाळाला देऊन टाकते. एखाद्या वर्षी पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. हिमालयातल्या माणसाला हे हसण्यासारखे वाटेल. पण थंडी केवळ पाऱ्यावर मोजायची नसते. अंगावर काय आहे, ते ओले आहे की कोरडे आणि पोटात काय आहे, यावर ती मोजायची असते. आपल्याकडे ‘थंडी मी म्हणते’ असा वाक्प्रचार आहे. ज्याच्या अंगावर ओले लुगडे आहे, त्याच्याशीच ती असे अहंकाराने बोलते.

आता कोणी विचारील, की एवढ्या पहाटे शेतात जायचे कशाला? ऊन वर आल्यावर जावे! हा प्रश्न ज्याने तूर कापलेली नाही त्याचा आहे. कलबुर्गीची तूर प्रसिद्ध आहे. तिथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही तूर डिसेंबर-जानेवारीत काढणीला येते. वाळलेली शेंग उन्हात कडक होते, विळ्याचा धक्का लागताच तडकते आणि दाणा भेगाळलेल्या काळ्या रानात जातो. तोच पहाटेच्या दहिवराने शेंग लवचीक झालेली असते. ती तडकत नाही. म्हणून तूर दवातच कापावी लागते. हरभऱ्याचेही तसेच. त्यातही हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते. ही आंब म्हणजे पानांनी सोडलेले आम्ल, दवात मिसळलेले. ती हातांना चरचरते, चिरांत शिरते आणि कपडाही खाते. याचा अर्थ असा, की जे दव मालकाचा दाणा वाचवते, तेच मजुराचे अंग भिजवते. आपल्या ताटातल्या वरणाची किंमत अशी कोणाच्या तरी भिजलेल्या कपड्याने चुकती झालेली असते.

याशिवाय रात्रीचे कष्ट आहेत. शेतीच्या विजेची पाळी पुष्कळदा रात्रीची येते. मग गव्हाला, उसाला पाणी देणारा माणूस घोट्यापर्यंत चिखलात उभा राहून दारे धरतो. ऊसतोडणीची टोळी कोपीत निजते आणि काळोख असतानाच फडात शिरते. उसाच्या पाल्यावरचे सगळे दव पहिल्या तासात तिच्या अंगावर आलेले असते. वेळ अमावास्येला आपण शेतात कडब्याची कोप उभारतो, पूजा करतो, भज्जी आणि आंबील यांनी तृप्त होऊन घरी येतो. त्या एका दिवशी शेतातली थंडी आपल्याला रम्य वाटते, कारण त्या दिवशी आपण तिथे पाहुणे असतो.

या कष्टकऱ्याचे संरक्षण काय होते? पुरुषाच्या डोईला पटका, अंगात बंडी. बाईच्या अंगावर लुगडे आणि हात सोलू नयेत म्हणून वर नवऱ्याचा जुना सदरा. आणि या सर्वांवर, असलीच तर, घोंगडी. तिची एक बाजू दुमडून डोक्यावर घेतली की खोळ होते. ही खोळ पाठ, मान, कान आणि डोके एकदम झाकते आणि हात मोकळे ठेवते. ज्याच्याकडे घोंगडी नसे तो गोणपाटाच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून खोळ करी. तागाचे पोते भिजले की गारठा आत ओढी. पुढे खताच्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि खोळ त्यांची झाली. आकार तोच राहिला, गुण मात्र गेला.

गुण का गेला, हे थोडे शास्त्राने पाहू. मी शास्त्राचा माणूस नव्हे. पण निवृत्तीनंतर कुतूहलाने काही वाचले आणि माझ्या आईला जे ठाऊक होते तेच तिथे आकड्यांत सापडले. आपल्याला ऊब देते ती वस्तुतः कपड्यात अडकलेली स्तब्ध हवा. कपडा भिजला की हवेची जागा पाणी घेते, आणि स्थिर पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय ते पाणी वाळताना अंगातलीच उष्णता घेऊन वाळते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणून भिजलेला माणूस वाऱ्यात उभा राहिला की हुडहुडी भरते. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि अंगाला चिकटते. लोकरीचे तसे नाही. तिचा तंतू कुरळा असतो, दबला तरी पुन्हा उसळतो, आपल्यात हवा राखतो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही स्पर्शाला ओला लागत नाही. शिवाय तिच्यावर मेंढराच्या अंगचा मेणचटपणा असतो, त्यावरून दवाचे थेंब ओघळून जातात.

प्लास्टिकची गोष्ट उलटी. ते बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, तसाच आतला घाम बाहेर जाऊ देत नाही. कष्ट करणारे अंग म्हणजे पेटती चूल. तासभर विळा चालविला की घाम सुटतो, प्लास्टिकखाली साचतो आणि माणूस बाहेरून कोरडा, आतून चिंब होतो. काम चालू असेतो कळत नाही. बांधावर विसाव्याला बसला की गारठतो. आपले वाडवडील म्हणूनच खोळ घेऊन कामाला लागत, अंगात ऊब आली की घाम फुटण्यापूर्वीच ती उतरवून बांधावर टाकत आणि विसाव्याला बसताना पुन्हा पांघरत. आम्हा मुलांना हे उलटे वाटे: काम करताना काढायची आणि बसल्यावर घ्यायची! पण त्यातच सगळे शहाणपण होते. थंडीत कष्टणाऱ्याचा पहिला शत्रू दव आणि दुसरा त्याचा स्वतःचा घाम.

ही घोंगडी येई कुठून? दख्खनी मेंढीच्या पाठीवरून. काळी, करडी, राठ लोकर. धनगर, कुरुब वर्षातून दोनदा मेंढरे कातरीत. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी सर्वांत मऊ. लोकर पिंजायची, बायांनी चरख्यावर कातायची, मग सनगराने किंवा कुरुबाने जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर विणायची. विणण्यापूर्वी ताण्याला चिंचोक्यांची खळ लावीत. त्याने सूत ताठ आणि मजबूत होई. नवी घोंगडी म्हणून पुठ्ठ्यासारखी कडक असे आणि अंगाला टोचे. वापरता वापरता ती माणसाला मऊ होई. पुष्कळशा नात्यांचेही असेच असते.

भाषेच्या अभ्यासकाला इथे थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपण घोंगडी म्हणतो, शेजारचा कन्नडभाषी कंबळी म्हणतो; पण आपल्याही बोलीत कांबळे, कांबळी आहेतच, आणि हे सगळे संस्कृत कंबलाचे गोत. पाणिनीनेही या कंबलाची दखल घेतली आहे. कन्नडमध्ये लोकरीला उण्णे म्हणतात, ते संस्कृत ऊर्णेचे रूप. मेंढपाळाचा देव खंडोबा, तोच भालकी तालुक्यातल्या खानापूरचा मैलार मल्लण्णा. मराठी भाविक आणि कन्नड भाविक तिथे एकाच भंडाऱ्याने पिवळे होतात. संतांनी देहाला घोंगडीची उपमा दिली. दामाजीपंतांच्या कथेत मंगळवेढ्याची कोठारे दुष्काळात लुटविल्याबद्दल बीदरच्या बादशहाचा कोप झाला, तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने रक्कम घेऊन याच बीदरच्या दरबारात आला, अशी श्रद्धा आहे. त्या रूपाचे वर्णन परंपरा कसे करते? हातात काठी, खांद्यावर घोंगडी. मला नेहमी वाटते, की देवाला या मुलखात यायचे झाले तेव्हा त्याने पीतांबर घरी ठेवला आणि कष्टकऱ्याचे पांघरूण घेतले, ही आपल्या साहित्याची फार मोठी समज आहे.

इतके सगळे मी वर्गात शिकविले. विद्यार्थ्यांनी टिपून घेतले. परंतु घोंगडीविषयीची जी गोष्ट मी कोणत्याही वर्गात सांगितली नाही, ती आज सांगणे भाग आहे.

१९६८ साली मी उदगीरला महाविद्यालयात गेलो. आमच्या घरी घोंगडी एकच होती. आईने ती झटकून, दोन दिवस ऊन दाखवून माझ्या वळकटीत बांधली. वसतिगृहातल्या इतर मुलांकडे रजया होत्या, कोणाकडे दुकानातले रंगीत ब्लँकेट होते. माझ्या घोंगडीला मेंढरांचा वास येई. एका मुलाने सहज नाक मुरडले. त्याच रात्री मी ती सतरंजीखाली अंथरली, कोणाला दिसणार नाही अशी, आणि एका पातळ चादरीत कुडकुडत झोपलो. थंडी सोसली, पण लाज सोसवली नाही. माझ्या बोलीतले कानडी हेल मी त्याच महिन्यांत मोडून काढले, हेही सांगून टाकतो. दोन्ही गोष्टी एकाच लाजेच्या होत्या.

नाताळच्या सुटीत न कळविता गावी आलो. पहाटेची मोटार, फाट्यावरून चालत शेताच्या वाटेनेच निघालो. आमच्या रानात तूर कापायला बाया लागल्या होत्या. धुईतून एक आकृती पुढे आली. डोक्यावर पोत्याची खोळ, लुगडे कमरेपर्यंत चिंब. ती माझी आई होती. बांधावर तिने शेकोटीसाठी काटक्या रचल्या; पण बोटे इतकी बधिरली होती, की तिला काडी ओढता येईना. मी काडी ओढली. मग विचारले, “घोंगडी का घेतली नाहीस?” ती हसून म्हणाली, “तुझ्यापाशीच हाय की रे.”

तिने हे दोषाने म्हटले नव्हते. म्हणून ते अधिक लागले. माझ्या आईची ऊब मी सतरंजीखाली दडवून ठेवली होती आणि तिच्याविना ती माझ्या शिक्षणासाठीच दवात उतरत होती. सुटी संपल्यावर उदगीरला गेलो आणि पुढच्याच रविवारी घोंगडी तिला आणून दिली. तिने ती हुंगली आणि एवढेच म्हणाली, “हिला ऊन दाव आधी.”

आता गुरुजींचा धडा. या शाळेच्या जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात गुरुजींनी सुंभाची एक दोरी बांधली होती. मार्गशीर्ष-पौषात पुष्कळ मुले आईबापांबरोबर पहाटे शेतात जाऊन मग शाळेत येत. उशीर होई, कपडे भिजलेले असत. त्या दोन महिन्यांत उशिरा येणाऱ्यास छडी नाही, असा गुरुजींचा नियम होता. ओला सदरा दोरीवर टाकायचा, पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसायचे, पाय कोरडे करायचे आणि अंगाचे कापणे थांबले की मग वर्गात यायचे. ‘आधी कोरडा हो, मग अक्षर काढ.’ त्या वेळी आम्हाला ती एक सवलत वाटे. आज कळते, की ते शिक्षणशास्त्र होते. शरीराचे तापमान ३७ अंशांवरून खाली घसरू लागले, की आधी बोटे बधिरतात, मग जीभ अडखळते आणि ३५ च्या खाली विचारही मंदावतो. थरथरत्या हाताला ‘अक्षर वळणदार काढ’ म्हणणे हा त्या हाताचा अपमान आहे. गुरुजींनी तो केला नाही.

मित्रहो, गुरुजींची ती दोरी आज कोणी बांधायची, हा माझ्या व्याख्यानाचा खरा प्रश्न आहे. मध्यंतरी एका ओळखीच्या विणकराच्या घरी घोंगडी घ्यायला गेलो. माग दिसला नाही. मागाचा खड्डा ज्वारीच्या भुसाने भरलेला होता. मुलगा पुण्याला बांधकामावर, म्हातारा म्हणाला, “लोकर कोन घेतंय आता? कातरायची मजुरी सुटत न्हाई.” त्याचे म्हणणे खरे आहे. मेंढी आता मांसासाठी पाळली जाते. जास्त वजनाच्या, कमी लोकरीच्या जाती कळपांत आल्या आहेत. पानिपतची जुन्या कापडाच्या धाग्यांपासून केलेली स्वस्त ब्लँकेटे गावोगाव मिळतात. मी त्यांना नावे ठेवीत नाही. ज्याला ती मिळाली, त्याची रात्र निभावली. कृत्रिम धाग्याचे स्वेटरही वजनाला हलके आणि लवकर वाळणारे असते. मात्र त्यावर शेकोटीची ठिणगी उडाली तर ते वितळून कातडीला चिकटते; लोकर सहसा पेट घेत नाही, करपून विझते. हे ज्याला ठाऊक आहे तो दोन्ही जपून वापरील.

तेव्हा घोंगडीचा जयजयकार करून घरी जावे, असे मी सांगणार नाही. घोंगडीच्या मर्यादाही आहेत. दव ती झेलते. पण मुसळधार पावसात पुरती भिजली, की उचलवत नाही आणि दिवसचे दिवस वाळत नाही. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला असावा. सीमाभागात राहणाऱ्याला त्याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. १९६६ साली आयोग नेमला गेला, पुढल्या वर्षी त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. आमच्या पिढीचे सगळे आयुष्य त्या घोंगड्याकडे पाहण्यात गेले. त्याचा निवाडा न्यायालय करील. पण तूर कापणाऱ्या बाईचे ओले लुगडे हा प्रश्न कोणत्याही न्यायालयात प्रलंबित नाही. तो आपल्याला उद्या सकाळी सोडविता येण्याजोगा आहे.

कसा, ते अगदी थोडक्यात सांगतो. ज्याच्या शेतात पहाटे माणसे लागतात, त्याने बांधावर एक कोरडी जागा, शेकोटी आणि गरम चहा किंवा आंबील ठेवावी. भुकेले पोट ऊब निर्माण करू शकत नाही. कामावर येणाऱ्याने कोरड्या कपड्यांचा एक जोड बरोबर आणावा आणि काम संपताच, घरी पोचण्याची वाट न पाहता, ओले उतरवावे. डोके, कान आणि पाय यांची हेळसांड करू नये. प्लास्टिकची खोळ घ्यायची तर ती सैल असावी आणि तिच्या आत अंगालगत लोकरीचे काही असावे. थंडी मारण्यासाठी दारू घेणाऱ्यास सांगावे, की ती कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता बाहेर घालविते. माणसाला ऊब वाटते, प्रत्यक्षात तो गार होत जातो. आणि कोपीचे दार लावून आत निखारे ठेवून कोणी झोपू नये. त्या विषारी वायूला रंगही नाही आणि वासही नाही. कोणी कापता कापता एकाएकी कापायचा थांबला, बोलणे अडखळू लागले, तर ‘सवय झाली’ असे समजू नये. त्याला ताबडतोब कोरडे करून, पांघरूण घालून दवाखान्यात न्यावे.

शाळेकडे माझे मागणे एकच आहे. नव्या इमारतीला व्हरांडा आहे, तो पूर्वेलाच आहे, हे मी येताना पाहिले. तिथे एक दोरी बांधा. पहाटे कामावर जाऊन येणारी मुले आता पूर्वीइतकी नसतील. नसावीत, अशीच माझी इच्छा आहे. पण ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेले एखादे मूल कोणती भाषा बोलते, कोणत्या राज्यातले आहे, हे विचारण्याआधी ते कोरडे आहे का, एवढे पाहा.

माझ्या आईची ती घोंगडी अजून माझ्यापाशी आहे. कसरीने तिला दोन ठिकाणी भोके पाडली आहेत. दर मार्गशीर्षात मी तिला ऊन दाखवतो. ती आता कोणाच्या खोळीला उपयोगी पडणार नाही. पण पदव्यांची भेंडोळी मी ज्या पेटीत ठेवली आहेत, त्याच पेटीत, त्यांच्या वर ती ठेवलेली असते. खाली नव्हे.